बीड बसस्थानकावरची एक स्त्री

एसटी वडवणीच्या चौकात शिरली, समोर उसाची ट्रॉली आडवी आली म्हणून थांबली, आणि रामेश्वरनं सवयीप्रमाणे कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीतून त्याला एक फ्लेक्स दिसला होता. फ्लेक्स हा त्याचा जुना लाडका विषय. सोलापूर, नांदेड, हुबळी, इंदूर, जिथं जिथं कंपनीचे वजनकाटे तपासायला तो जाई तिथले वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या त्यानं टिपून ठेवल्या होत्या, आणि पुण्यात रविवारी फोटो काढायला जमणाऱ्या मंडळींना तो ते दाखवी तेव्हा खालच्या गोलांतले शुभेच्छुक पाहून सगळे पोट धरून हसत. आताही त्यानं भिंग फिरवून चौकट जुळवली. कानाला मोबाइल लावलेले दोन शुभेच्छुक, काळा चष्मा घातलेला एक. वर लाल अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन! वडवणीचे भूमिपुत्र'. डावीकडे चापून भांग पाडलेला एक माणूस, आणि तो माणूस आपणच आहोत हे कळायला त्याला क्षणभर लागला. मग भिंग उजवीकडे सरकलं. तिथं पुरुषभर उंचीची त्याची आई होती. एक हात गुडघ्यावर टेकून अर्धवट उठलेली, दुसरा हात वर नेलेला, तोंडभर हसणारी. तिच्या पायांशी वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलेली ओळ जशीच्या तशी उतरवलेली होती : 'बीड बसस्थानकावरची एक अनोळखी स्त्री. छाया : राम देवकते.' दचकून त्याचं बोट दाबलं गेलं आणि फोटो निघाला.

"वडवणीवाले उतरा!" कंडक्टर ओरडला. मग रामेश्वरच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ओ पाव्हणं, तुमचं वडवणीचंच तिकीट हाय न्हवं?"

"धारूरचं द्या," रामेश्वर म्हणाला.

"धारूर? मगाशी तर वडवणी म्हणलाव."

"चुकून म्हणलो."

कंडक्टरनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि तिकीट फाडलं. ट्रॉली सरकली, गाडी हलली, आणि ज्या गावात बक्षीस मिळालेल्या त्या फोटोसाठी त्याचा आज सहा वाजता सत्कार होता ते गाव मागं पडलं. त्याचे कान तापले होते. लहानपणी मास्तरांनी धरून पिळल्यावर तापायचे तसे. लाज ही गोष्ट एवढी शरीराची असते हे तो विसरूनच गेला होता. पुण्यात लाजेला बरेच पर्याय मिळतात. तिथं माणूस अस्वस्थ होतो, संकोचतो, त्याला अपराधी वाटतं, आणि त्यावर तो मित्रांशी छान बोलूही शकतो. इथं तेलगावच्या रस्त्यावर, शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीच्या अंगाला अंग लावून बसलेलं असताना, तसला एकही शब्द कामाला येईना. तो खरं तर ठरवून आला होता. सत्कार सहाचा, आपण दुपारीच पोचू, माय मेंढरांकडं असेल तिथंच गाठू आणि सांगून टाकू. काय सांगायचं ते तीन रात्री घोकलं होतं. भावानं फोनवर फ्लेक्स लागल्याचं सांगितलं होतं, पण फ्लेक्सवर तीही असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. ज्या फ्लेक्सवाल्या अभिमन्यूनं तो छापला त्यानं कात्रण स्कॅन केलं असणार आणि सगळंच्या सगळं उचलून लावलं असणार. त्यात त्याची काय चूक? पेपरात जे छापून येतं ते बदलायचं नसतं, एवढी इमानदारी फ्लेक्सवाल्यालाही असते.

फोटोचा नाद त्याला नोकरीनंच लावला. परक्या गावात सकाळी लवकर जाग यायची, काटे तपासायला दुकानं दहाशिवाय उघडायची नाहीत, मग चार तास करायचं काय? तो कॅमेरा घेऊन भटकायचा. शटर वर ढकलणारे हात, झाडाखालचा न्हावी, हातगाडीवर झोपलेला हमाल, नळावरच्या बाया, एका पायावर उभा राहून चप्पल शिवून घेणारा कारकून. माणसाला सुगावा लागायच्या आत फोटो घ्यायचा हा त्याचा नियम होता. ओळख झाली की फोटो मेला, असं तो नव्या लोकांना सांगायचा, आणि सांगताना त्याला आपण काहीतरी खोल बोलतोय असं वाटायचं. हजारो फोटो होते त्याच्याकडं. घरच्यांचा म्हणून काढलेला एकही नव्हता. घरातली माणसं कॅमेरा दिसला की केस सारखे करतात, सरळ उभी राहतात, त्यांच्यात पाहण्यासारखं काही उरत नाही, हेही त्याचंच मत. मतांची त्याला कधीच कमतरता नव्हती. आणि लोकांना तो आवडायचाही. रामच्या फोटोत माणसांविषयी केवढा कळवळा असतो, असं मंडळीतली वैष्णवी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. तो दिवसभर त्या वाक्यावर खूश होता.

वास्तविक माणसं पाहायला तो शिकला असता तर ते घरीच. सांज झाली की मेंढरं रानातून परत यायची आणि दिवसभर वाघरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं एकदम सोडावी लागायची. मग जो कालवा उठायचा! शंभर मेंढ्या, साठ-सत्तर कोकरं, सगळी एका रंगाची, एका आवाजाची, आणि त्या धुळीत प्रत्येक कोकरू त्याच्या त्याच्या आईला लावून द्यायचं. चुकीचं लावलं तर मेंढी हुंगायची आणि लाथ मारून झटकायची. परमेश्वरदादाला ते लवकर जमलं. रामेश्वरला कधीच जमलं नाही. तो भलत्याच मेंढीखाली भलतंच कोकरू सारायचा आणि बा, म्हणजे सिदू देवकते, कपाळाला हात लावायचा. माय मात्र हसायची. तिला, बायडाबाईला, पाहावंही लागत नसे. पाठीमागं कोकरू ओरडलं की ती पुढ्यातल्या कळपात हात घालून नेमकी मेंढी पायाला धरून ओढायची. "आरं, तोंड बघ की जरा. हिचं तोंड आन् त्याचं तोंड," ती म्हणायची. त्याला सगळी तोंडं सारखीच दिसायची. एखाद्या कोकराची आई मेलेली असली तर माय दुसऱ्या मेंढीचं दूध त्याच्या पाठीला चोळायची आणि मेंढी शांत होईस्तोवर तिला मांडीत धरून बसायची, अर्धा अर्धा तास. त्याला त्या वासाची शिसारी यायची. शाळेत त्याच्या अंगाला तो वास येतो असं पोरं म्हणत, आणि सातवीत असल्यापासून तो सकाळी दोनदा अंघोळ करायला लागला होता.

गाडी घाटाच्या अलीकडं आली. मेथीवाली म्हातारी झोपली, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं, आणि ते बाजूला करायचं त्याला धाडस झालं नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस असाच उन्हाचा होता. लहान शहरांतलं रोजचं जगणं टिपायचं म्हणून पुण्याहून मंडळी निघाली होती, आणि वाटेत बीड धरायचं हे त्यानंच सुचवलं होतं. मराठवाडा त्याच्या ओळखीचा म्हणून तो म्होरक्या. ओळखीचा म्हणजे मूळचा तिकडचा, घरी शेती, एवढंच त्यानं सांगितलेलं. मेंढरांचा उल्लेख नाही. आदल्या दिवशी भावाशी बोलताना उद्या बीडवरून जाणार आहे, थांबायला जमणार नाही, असं तो सहज म्हणून गेला होता. ते मायनं ऐकलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती बिडाला आली आणि बसस्थानकावर एका खांबाला टेकून बसली, कारण बाहेरून येणारा माणूस कधी ना कधी बसस्थानकावर येतोच असा तिचा हिशेब. आणि तो आलाही. गळ्यात कॅमेरे अडकवलेल्या पाच जणांच्या पुढं, हात करकरून प्रकाश कुठून येतोय ते समजावून सांगत आला. त्यानं तिला आधी पाहिलं की तिनं त्याला, हे त्याला आज सांगता येत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उजळला. हात गुडघ्यावर टेकून ती उठायला लागली, दुसरा हात त्याच्याकडं वर गेला. आणि त्याच्या पाठीमागून मंडळीतले डॉक्टर हळूच म्हणाले, "राम, ती बघ, ती! काय चेहरा आहे! घे, घे लवकर!"

त्यानं कॅमेरा वर घेतला. एवढंच. दोन वर्षं तो स्वतःला विचारत होता, की हात सवयीनं वर गेला की तोंड झाकायला गेला. फोटो निघाला आणि त्यानंतरचं त्यानं भिंगातूनच पाहिलं. तिची नजर त्याच्यावरून डॉक्टरांवर गेली, त्यांच्या टोपीवर, वैष्णवीच्या गॉगलवर, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांवर, आणि परत त्याच्यावर आली. तिचं हसू विझलं नाही, तिनं ते आवरून घेतलं. वर गेलेला हात तसाच वळवून तिनं पदर पुढं ओढला आणि ती पुन्हा खांबाला टेकून बसली. त्यानं काहीही सांगितलं नव्हतं. मान हलवली नव्हती, डोळ्यानं खुणावलं नव्हतं. तिला कळलं.

वैष्णवी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, कुणाची वाट बघताय?"

"गाडीची."

"कुठं जायचंय?"

"वडवनीला."

"वडवणी? राम, हे कुठं आलं रे?"

"असेल इकडंच कुठंतरी," रामेश्वर म्हणाला.

आई हातभर अंतरावर होती. तिनं मान वर केली नाही. मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, त्यावर ती हात फिरवत राहिली. त्यात धपाटे होते हे गाठीवरच्या तेलाच्या डागावरून त्याला दिसत होतं, आणि कुणासाठी होते हे विचारायची गरज नव्हती. वैष्णवीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून तिच्यापुढं धरला. मायनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि देवाचं घ्यावं तसा कपाळाला लावला. "किती गोड आहेत ना ही माणसं," बाहेर पडताना वैष्णवी म्हणाली, आणि तो हो म्हणाला. रात्री मुक्कामावरून त्यानं घरी फोन लावला. माय, मी कामात होतो, संगं लोक होते, असं काहीतरी तो चाचरत बोलायला लागला तोच ती मध्येच म्हणाली, "कवा? मी घरीच हुते की दिसभर. मी कवा गेलते बिडाला?" मागं शिवकन्या, परमेश्वरची पोरगी, बिस्किटावरून धाकट्या भावाशी भांडताना ऐकू येत होती. तेवढ्यावर तो विषय संपला, आणि संपला याचं त्याला बरं वाटलं. आज ह्या एसटीत सगळ्यांत जास्त लाज त्याला त्या बरं वाटण्याची वाटत होती. पुढं फोटो स्पर्धेला पाठवायची काही गरज होती का? डॉक्टर मागंच लागले, हे खरं. पण फोटोचं ते 'अनोळखी' नाव त्यानं स्वतः लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. 'परक्या माणसासाठीही इतकं निर्मळ हसू फक्त गावाकडंच सापडतं,' असं पहिलं बक्षीस देताना परीक्षकांनी म्हटलं, टाळ्या झाल्या आणि फोटो पेपरात आला.

धारूरला उतरून त्यानं चहा घेतला, तो गार होऊ दिला, आणि परमेश्वरदादाला फोन केला.

"कुठं हायस बे? बाराची गाडी तर गेली."

"धारूरला. डुलकी लागली."

"डुलकी," दादा म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "राम्या, एक सांगू का? माय दोन दिवस झालं येड्यावानी करायली. परवा फ्लेक्स लागला तवा लई खूश. शिवकन्येला घेऊन गेली बघायला. खाली काय लिवलंय वाच म्हणली. पोरीनं वाचलं. तवापासून ज्याला त्याला सांगायली, ती मी न्हवंच. माज्यासारखी दिसती, पर दुसरीच कुणीतरी हाय. सगळं गाव हसायलंय. हाटेलवाला सटवा म्हणतोय, बायडाबाई, ती कपाळावरची गोंदणं बी दुसरीचीच का? तर म्हणली, गोंदणं कुणाचीबी आसत्यात. ईस्टेजवर येत न्हाई म्हणती. अनोळखी बाईचं काय काम तिथं, म्हणती. मला काय कळंना. त्वाच लिवलंय का ते अनोळखी?"

"हो."

"कावून पर?"

रामेश्वरनं गार चहाचा कप उगीच बशीत फिरवला. पलीकडून मेंढरांचा आवाज आला आणि दादानं "ये सांजच्याला" म्हणून फोन ठेवला. परतीच्या गाडीला वेळ होता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कॅमेरा काढला आणि दुपारी चुकून निघालेला फोटो पुसायला घेतला. पुसायच्या आधी पाहायचं हीही सवयच. फ्लेक्स, खांब, ट्रॉलीचा कोपरा, खाली सटवाच्या हॉटेलचा ओटा आणि ओट्यावर बसलेली चार-दोन माणसं. त्यानं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. ओट्याच्या कडेला, स्वतःच्याच पुरुषभर चित्राच्या बरोबर खाली, मांडीवर फडक्याची गाठ घेऊन ती बसली होती आणि थेट त्याच्याकडं पाहत होती. त्याच्या खिडकीकडं, त्याच्या डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याकडं. हसली नव्हती. धुळीतल्या शंभर मेंढ्यांतून नेमकी एक ओढून काढणाऱ्या बाईला थांबलेल्या एसटीतला आपला मुलगा दिसला नसेल असं मानायला जागा नव्हती. तो चौकात आला, त्यानं तिच्याकडं कॅमेरा धरला आणि तो उतरला नाही. एवढं तिनं पाहिलं होतं. आणि त्याला मात्र समोर बसलेली आई दिसायला फोटो दोनदा मोठा करावा लागला होता. धारूरच्या त्या हॉटेलात तो ओंजळीत तोंड धरून बसला. पोऱ्या, गिऱ्हाईकं पाहतील याची त्याला पर्वा नव्हती, आणि तशी पर्वा नसणं हे त्याच्या आयुष्यात फार वर्षांनी घडत होतं.

पावणेसहाला तो वडवणीत उतरला. चौकात लाल खुर्च्या मांडल्या होत्या, कुणीतरी माइकवर फुंकरा मारत होता. ती तिथंच होती, ओट्याच्या कडेला. नवं लुगडं नेसलेलं, फडक्याची गाठ मांडीवर. तो पुढ्यात जाऊन उभा राहिला तरी तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती त्याच्या मागं, गाडीच्या दाराकडं पाहत होती. एक म्हातारा उतरला. कॉलेजच्या दोन पोरी उतरल्या. खोका घेतलेला एक माणूस उतरला. एकेकाला तिनं नजरेनं लांबपर्यंत जाऊ दिलं. दार आपटलं, गाडी गेली, धूळ बसली. मग ओठ फारसे न हलवता तिनं विचारलं, "संगं कुणी हाय का रं?"

"न्हाई, माय. एकलाच हाय."

"दुपारच्या गाडीत हुतं कुणी?"

हो म्हणणं सोपं होतं. तिनंच ते त्याच्या हातात आणून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर तिचीही समजूत पटली असती आणि तोही सुटला असता.

"न्हाई," तो म्हणाला. "दुपारीबी कुणीच नव्हतं. मी एकलाच हुतो."

तिनं गाठीवरून हात फिरवला. एकदा, मग पुन्हा. तेवढ्यात सटवानं चहाची किटली खाली ठेवून हाळी दिली, "आलास का बे राम्या! ये. आता तूच ह्या समद्यांफुडं सांग. ही वरची बाई तुजी माय हाय का न्हाई?"

ओट्यावरची माणसं वळली. खुर्च्या मांडणारे थांबले. रामेश्वर मोठ्यानं बोलला. "माय हाय माजी. बिडाला मलाच भेटायला आलती. मी लोकांत हुतो, मला लाज वाटली, मी ओळख दिली न्हाई. अनोळखी मीच लिवलं."

सटवानं किटलीचं झाकण उगीच उचलून पुन्हा ठेवलं. मग बायडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"येडं हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "परवासानं डोस्कं फिरलंय त्याचं. मी कवा गेलते बिडाला?"

लोक हसले. मोकळे होऊन, मोठ्यानं हसले, कारण हसता येणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. त्या हसण्यात तिनं फडक्याची गाठ त्याच्या हातात कोंबली आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन कडेला बसली. माइकवर त्याचं नाव पुकारलं जाऊ लागलं, पुढं पदव्या लावून. तो स्टेजकडं गेला नाही. मागं गेला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता, आणि दोघांच्या डोक्यावर ती दुसरी बाई त्याच्याकडं पाहून हसत होती. नाव पुन्हा पुकारलं. माना वळायला लागल्या. मायनं पदर पुढं ओढला, नजर समोर ठेवली, आणि शेजारी बसलेल्या कुणा परक्या माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "हितं कावून बसलास? जा की. लोक बघतेत."